जोतीरावांच्या आवारातल्या बाळंतिणी

काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. गोवंडे इनाम कमिशनमधले अधिकारी आणि जोतीराव फुल्यांचे स्नेही. शेजारी राहणाऱ्या एका शास्त्रीबुवांनी या बाईचा पिच्छा पुरवून तिला नादी लावले. दिवस राहिल्यावर त्यांच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी एकामागून एक विषारी औषधे घेतली. कशाचाही उपयोग झाला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला. अब्रूच्या धास्तीने तिने त्याला सुरीने मारले आणि प्रेत मालकाच्या घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांत पोलिसांनी तिला पकडले, पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही हकिकत जोतीरावांनी स्वतःच ४ डिसेंबर १८८४ च्या एका टिपणात लिहून ठेवली आहे. बेहरामजी मलबारींनी त्या वर्षी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारने त्यांवर मते मागवली. त्यांपैकी दुसऱ्या टिपणावर जोतीरावांनी दिलेला हा अभिप्राय. त्यात ते सांगतात की काशीबाईचा खटला संपताच आपण तुटपुंज्या साधनांनिशी आपल्याच आवारात अशा बायकांच्या बाळंतपणाची सोय केली आणि तिच्या छापील जाहिराती ब्राह्मणवस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवल्या. साल १८६३ मानले जाते. त्या जागेला आपण आज बालहत्या प्रतिबंधक गृह म्हणून ओळखतो.

या कामाची आठवण आपल्याकडे दोन प्रकारे काढली जाते. एक तर अनाथ बालकांवरची दया म्हणून, नाहीतर विधवांच्या उद्धाराच्या लांबलचक यादीतली एक नोंद म्हणून. दोन्हींमध्ये मूळ गोष्ट निसटते असे मला वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काढलेली ती जागा सर्वांत आधी एक बाळंतघर होती. गरोदर बाईची सुखरूप सुटका करणे हे तिचे पहिले काम आणि ते करताना बाईच्या चारित्र्याचा न्यायनिवाडा करायचा नाही ही तिची पहिली अट. याला पुरावा जोतीरावांच्याच आकड्यांचा आहे. सुरुवातीपासून १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली आणि ३० दगावली. बालहत्या थांबवणे एवढाच हेतू धरून या कामाचे माप काढायचे तर सातांतले सहा जीव हातचे गेले. तरीही जोतीराव हा आकडा सरकारपुढे लपवत नाहीत, उलट युक्तिवादाचा भाग म्हणून मांडतात. पोरे वाचत नसतानाही वीस वर्षे दार उघडे ठेवावेसे वाटले, याचा अर्थ त्या दारातून आत येणाऱ्या बाईचे काय होते हेही त्यांच्या हिशेबात होते. टिपणात कोणी माता दगावल्याची नोंद नाही. तेवढ्यावरून एकही दगावली नाही असे म्हणता येणार नाही, पण यांतल्या प्रत्येकीची दुसरी वाट कुठे जात होती ते काशीबाईच्या खटल्याने दाखवून दिले होते.

काशीबाईने मारलेले मूल मुलगा होता, हा तपशील सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. ब्रिटिश सरकार त्या काळात बालहत्येविषयी फार बोलत असे, पण त्याच्या डोळ्यांपुढे असत त्या उत्तर हिंदुस्थानातल्या आणि काठेवाडातल्या काही कुळांत मारल्या जाणाऱ्या मुली. १८७० चा कायदाही स्त्री-बालहत्येपुरताच आहे. पुण्याच्या वाड्यांत घडत होते ते वेगळेच. ज्या समाजात पुत्रासाठी नवससायास होत, तिथे एक बाई धडधाकट मुलाला सुरी लावते. म्हणजे मुलगा की मुलगी हा प्रश्न इथे नव्हताच, गरिबी हेही मुख्य कारण नव्हते; आईच्या कपाळाला कुंकू नव्हते एवढेच पुरे होते. खालच्या समजल्या जाणाऱ्या बहुतेक जातींत पाट लावायची चाल होती, त्यामुळे हा पेच प्रामुख्याने ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींचा. त्यात मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी झालेले आणि नवरा गेला तेव्हा ती न्हातीधुतीही झालेली नाही, असे सर्रास. शरीर वयात येण्याआधीच त्या शरीराचे आयुष्य संपल्याचे जाहीर करायचे, डोके भादरायचे, एका वेळच्या जेवणावर ठेवायचे आणि मग त्याच घरात दीर, सासरे, भटजी, पाहुणे यांच्या राबत्यात तिला राबवायचे, अशी ती व्यवस्था. यातून दिवस राहणे हा अपवाद असेल असे मानणे भाबडेपणाचे होते आणि त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांना ते ठाऊकही होते.

कायदा या बाईला कुठे उभी करत होता? इंडियन पिनल कोड १ जानेवारी १८६२ ला अमलात आला, म्हणजे काशीबाईचा खटला चालला तेव्हा तो अगदी ताजा होता. त्याच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा ठरला आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात आली. मूल उघड्यावर टाकले तर ३१७, मेलेले मूल गुपचूप पुरले तर ३१८, मारले तर खून. आईने नवजात मुलाला मारणे हा खुनाहून वेगळा, सौम्य गुन्हा मानणारा कायदा इंग्लंडमध्ये १९२२ साली आला. आपल्याकडे तो कधीच आला नाही. दुसऱ्या बाजूला १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण दुसरे लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. यावर कडी म्हणजे १८८० साली प्रिव्ही कौन्सिलने आसामातल्या मनीराम कोलिता विरुद्ध केरी कोलितानी या दाव्यात ठरवले की विधवेकडे एकदा आलेली मिळकत ती पुढे व्यभिचारी झाली म्हणून जात नाही. उघडपणे संसार थाटला तर जमीन गेली, चोरून संबंध ठेवले तर जमीन राहिली! निकाल कायद्याच्या तर्काला धरून असेल, पण त्याने चोरटेपणावर जणू बक्षीसच लावले. आणि ज्या विधवेच्या नावावर मिळकत नव्हती, जी दिराच्या घरी तुकड्यावर जगत होती, तिला या निकालाचाही उपयोग नव्हता.

सुधारकांचे उत्तर पुनर्विवाह हे होते. विष्णुशास्त्री पंडितांनी १८६६ साली मुंबईत पुनर्विवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली, पुढे पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला, पराशराच्या वचनांचा कीस काढला गेला. त्या धैर्याला उणेपणा आणण्याचे कारण नाही; पुनर्विवाह लावणाऱ्यांवर बहिष्कार पडले, घरे तुटली. पण पुनर्विवाहाच्या चळवळीला वेळ लागतो आणि पोटातल्या मुलाला नऊच महिने असतात. शास्त्रार्थात जिंकले काय नि हरले काय, चौथा महिना लागलेल्या बाईला त्यातून काही मिळत नव्हते. शिवाय पुनर्विवाहाला हवी असे ती निष्कलंक, अल्पवयीन, ‘अक्षतयोनी’ विधवा. जिला दिवस गेले आहेत ती त्या चळवळीलाही अडचणीचीच, कारण विरोधकांच्या हाती ते कोलीत. सुधारणेचा पक्ष मांडायला चांगली विधवा लागते, तशी ती जोतीरावांना लागली नाही, हा मला दोहोंमधला खरा फरक वाटतो. त्यांनी बाईच्या भूतकाळाला हात न घालता तिच्या येणाऱ्या वेणांची व्यवस्था केली.

त्या वेणा किती धोक्याच्या होत्या याचा अंदाज त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथांवरून येतो. नॉर्मन चेव्हर्सने १८५६ मध्ये कलकत्त्यात न्यायवैद्यकावर जे पुस्तक लिहिले त्यात आणि पुढे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांनी लिहिलेल्या ग्रंथात गर्भपाताचे प्रकरण मोठे आहे. चित्रकाचे मूळ, रुईचा चीक, आत घातलेली काडी ही त्यातली नेहमीची साधने. गर्भाशयाला इजा, पूतिदोष, रक्तस्राव आणि बऱ्याचदा मृत्यू हे त्यांचे परिणाम. औषधे पोटात गेली आणि गर्भ तरीही टिकला तर बाळ अर्धमेले जन्माला येई. जोतीराव ३० मृत्यूंचे कारण हेच देतात: गरोदरपण लपवण्यासाठी आईने जी विषे घेतली असली पाहिजेत, त्यांनी पोटातच झालेली इजा. हे कारण खरे असणारच, पण एकटेच होते का याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. आईचे दूध न मिळालेली तान्ही मुले त्या काळात जगभर कुठेच फारशी जगत नसत. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने १७५६ ते १७६० या काळात पार्लमेंटच्या पैशावर येईल ते मूल घेतले, तेव्हा सुमारे पंधरा हजार बालकांपैकी दोनतृतीयांश मेली आणि ती संस्था काही दरिद्री नव्हती. बाळंत झालेल्या विधवेला गुपित राखायचे तर लवकर घरी परतणे भाग होते. मूल मागे ठेवले तर त्याला अंगावर पाजणार कोण? विष आणि तुटलेले दूध या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून निघतात, त्यामुळे जोतीरावांचा निष्कर्ष यामुळे ढासळत नाही. उलट लपवाछपवीची किंमत औषधाच्या पहिल्या घोटापासून अंगावरच्या दुधापर्यंत मुलालाच मोजावी लागत होती, असे म्हणता येते. मोठ्या रुग्णालयांची आस धरण्यातही अर्थ नव्हता. ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळायला अजून वीस वर्षे होती. डफरिन फंड १८८५ चा, कामा हॉस्पिटल १८८६ चे.

अशा जागेमुळे अनीतीला उत्तेजन मिळते, हा आक्षेप तेव्हा होताच. त्याचे वंशज गर्भनिरोधनापासून लैंगिक शिक्षणापर्यंत प्रत्येक वेळी नव्या कपड्यांत येतात. तो तपासायला जोतीरावांचाच पुरावा पुरेसा आहे. आलेल्या बायकांनी आधी विषे घेतली होती, म्हणजे ही जागा त्यांचा पहिला आधार नव्हती, सगळे उपाय थकल्यावरचा शेवटचा आधार होती. जिला मागे बाळंतघर आहे म्हणून धीर आला असेल ती जिवावर बेतणारा चीक कशाला पिईल? पाप करण्याआधी कोणी गल्लीच्या कोपऱ्यावरची जाहिरात वाचून हिशेब मांडत नाही. आणि दार बंद ठेवल्याने संबंध थांबत नव्हते, हे तर विहिरींनीच सिद्ध केले होते.

दुसरा आक्षेप आजच्या बाजूने येतो आणि तो अधिक वजनाचा आहे. गुप्तपणे बाळंत व्हा, मूल हवे तर इथेच सोडून जा, असे सांगणारी जागा शेवटी ब्राह्मण घराण्यांची अब्रूच राखत होती ना? शास्त्रीबुवा मोकळे, घराणे निष्कलंक आणि मूल शूद्राच्या दारात. काशीबाईच्या हकिकतीत त्या बुवांना शिक्षा झाल्याचा उल्लेख नाही, हेही खरे. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. त्या जागेने पुरुषाला जाब विचारला नाही, विचारूही शकली नसती. पण जाब विचारण्याचे काम जोतीरावांनी दुसरीकडे, लेखणीने केले. एका बायकोच्या उरावर दोन-दोन लग्ने करणाऱ्या पुरुषांना एक न्याय आणि विधवेला दुसरा, हा मुद्दा त्याच १८८४ च्या टिपणाच्या आगेमागे ते मांडत होते. विधवांचे केस कापायला न्हाव्यांना मनाई करा, एकोणीस वर्षांखालचा मुलगा आणि अकरा वर्षांखालची मुलगी यांचे लग्न लावणाऱ्या आईबापांवर कर बसवा, अशा सूचनाही त्यांनी सरकारला केल्या. बाळंतघरात मात्र त्यांनी भांडण नेले नाही. पोटुशी बाई हे भांडणाचे हत्यार नव्हे, एवढी समज त्यामागे दिसते. गुप्तता घराण्याला सोयीची होती, मान्य. पण ती मोडली असती तर त्याचे मोल बाईने मोजले असते, घराण्याने नव्हे.

मोडलेल्या गुपिताचे काय होते याचे उदाहरण १८८१ साली सगळ्या मुंबई इलाख्याने पाहिले. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला आपले मूल मारल्याबद्दल सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली. अपिलात ती जन्मठेपेवर आली आणि पुढे शिक्षा आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांत बायकांच्या बिघडलेल्या नीतीवर रकाने भरले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून या रकान्यांना उत्तर दिले आणि दोष पुरुषांच्या पदरात टाकला. पुस्तकाची थट्टा झाली. जाहीरपणे बाजू घेणाऱ्यांत जोतीराव होते. विचाराची बाजू ताराबाईंची, व्यवहाराची बाजू वीस वर्षे आधीपासून जोतीराव-सावित्रीबाईंच्या आवारात चाललेली. दोन्हींना जोडणारा धागा असा की गरोदर विधवेला गुन्हेगार किंवा बिचारी यांपैकी एक ठरवल्याशिवाय तिच्याविषयी बोलता येते.

पस्तीस हा आकडा वीस वर्षांच्या मानाने फार लहान आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. वर्षाला दोनही बायका येत नाहीत. पण ही जागा माळ्याच्या आवारात होती. सोवळ्यातल्या ब्राह्मण विधवेने तिथे जाऊन आठ-पंधरा दिवस राहायचे, तिथले अन्नपाणी घ्यायचे, म्हणजे विटाळाची एक मोठी भिंत ओलांडायची. जिने ती ओलांडली तिची गरज किती टोकाची होती, याचा तो आकडा पुरावा आहे. पंढरपुरात १८७५ साली न्यायखात्यातले अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले आणि प्रार्थना समाजाने ते पुढे चालवले. पंढरपूर यासाठी योग्यच ठिकाण. वारीच्या गर्दीत कोण कुणाला ओळखतो? नको असलेल्या विधवा आणि नको असलेली पोरे तिथे आणून सोडण्याचा रिवाजच होता. हे गृह टिकले, वाढले, आणि वाढता वाढता त्याची ओळख मुख्यतः अनाथ बालकांची संस्था अशी झाली. इतर ठिकाणीही असेच घडत गेले. अनाथ मुलासाठी देणगी मागता येते, शिकणाऱ्या विधवेसाठीही मागता येते. वेणा देणाऱ्या विधवेसाठी मागणे अवघड. एकोणिसाव्या शतकाअखेर विधवांची वसतिगृहे आणि शाळा निघाल्या, पंडिता रमाबाईंनी केडगावला अशा ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी कृपासदनाचीही सोय केली, पण सार्वजनिक सुधारणेच्या भाषेत बाळंतपण हा शब्द फार वेळा उच्चारला गेला नाही.

एका मुलाच्या बाबतीत मात्र जोतीराव-सावित्रीबाईंनी गुपितही ठेवले नाही. काशीबाई याच नावाच्या दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी १८७४ च्या सुमारास स्वतःचा मुलगा म्हणून घेतले, यशवंत हे नाव दिले, १८८७ च्या मृत्युपत्रात वारस नेमले. दत्तक नातेवाईकांतला घ्यावा, निदान जातीतला घ्यावा, हा रिवाज बाजूला सारून. नात्यातल्यांनी ते कधी मनापासून स्वीकारले नाही. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले तेव्हा टिटवे कुणी धरायचे यावर वाद उभा राहिला आणि सावित्रीबाई ते स्वतः हाती घेऊन प्रेतयात्रेपुढे चालल्या. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर त्याच्या दवाखान्यात रुग्ण आणताना लागण होऊन सावित्रीबाई १० मार्चला वारल्या. या मुलाच्या गोष्टीने पुढे त्या पस्तीस बायकांना झाकून टाकले, तेही स्वाभाविक आहे. मुलाला नाव होते, त्यांची नावे न राहणे हीच त्यांच्या सुटकेची अट होती.

कायद्याने त्या अटीला मान्यता द्यायला शतक उलटले. महाराष्ट्राचे मंत्री राहिलेले शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि १९७१ मध्ये गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात ५-अ हे कलम आले: गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव किंवा ओळख अधिकार नसलेल्याला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद. त्याच दुरुस्तीनंतरच्या नियमांत चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा असलेल्यांच्या यादीत, गरोदरपणात जिचा नवरा गेला तिलाही जागा मिळाली. दुसरीकडे १८६२ मध्ये अमलात आलेल्या पिनल कोडातले ३१८ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ९४ व्या क्रमांकावर जसेच्या तसे आहे. मेलेल्या मुलाचा जन्म लपवण्यासाठी त्याचे प्रेत गुपचूप पुरले तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि मूल जन्माआधी मेले, जन्मताना की नंतर, याने काही फरक पडत नाही.